बंदुकीचे पाय

एक मीटर लांबीची रायफल घ्या. दस्त्याचे टोक खांद्यात घट्ट बसवा आणि नळीचे टोक फक्त एक मिलिमीटर डावीकडे सरकू द्या. शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर डावीकडे लागेल, दोनशे मीटरवर वीस सेंटिमीटर. त्रिकोणाचे हे गणित शाळकरी मुलालाही जमते. आता त्यात हरणाचे शरीर आणा. अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाचे हृदय आणि फुप्फुसे असलेला भाग साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचा धरतात. गोळी त्या वर्तुळात लागली तर जनावर थोड्याच क्षणांत कोसळते. बाहेर गेली तर ते जखमी होऊन झाडीत शिरते आणि तासन्‌तास तडफडते. नेम अगदी मधोमध धरला तरी प्रत्येक बाजूला सूट दहाच सेंटिमीटरची. म्हणजे शंभर मीटरवर नळीला एका मिलिमीटरची मोकळीक, दोनशेवर अर्ध्या मिलिमीटरची.

आणि ही नळी कोणाच्या हातात आहे? डोंगर चढून आलेल्या, धापा टाकणाऱ्या, सावज दिसल्यामुळे छाती धडधडणाऱ्या माणसाच्या.

उभ्याने, कशाचाही आधार न घेता रायफल स्थिर धरणे किती अवघड असते हे महाराष्ट्राने 1 ऑगस्ट 2024 रोजी टीव्हीवर पाहिले आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकच्या 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुण मिळवून कांस्यपदक जिंकला, तो सामना गुडघा टेकून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभे राहून, असा तीन टप्प्यांचा असतो. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचे. झोपून आणि गुडघ्यावर असताना दंडाला रायफलीचा पट्टा आवळता येतो; उभ्या टप्प्यात तोही नाही. जगातले सर्वोत्तम नेमबाज याच टप्प्यात गुण गमावतात. त्यांच्या अंगावर कातडी आणि कॅनव्हासचे ताठ जाकीट असते, पायाखाली सपाट फरशी असते आणि समोरचे लक्ष्य पळून जाणार नसते. शिकाऱ्याकडे यातले काहीच नसते. म्हणून त्याला नियमाने आणि नीतीनेही एक सवलत आहे, जी ऑलिंपिकवीराला नाही: तो टेकू वापरू शकतो.

टेकूची कल्पना बंदुकीइतकीच जुनी. सोळाव्या शतकातल्या युरोपी सैन्यात मस्केट नावाची बंदूक आली ती सात-आठ किलो वजनाची. ती हातावर तोलून नेम धरणे मल्लाचे काम होते, म्हणून प्रत्येक शिपायाबरोबर एक काठी असे. तिच्या वरच्या टोकाला लोखंडी दुबेळके आणि खालच्या टोकाला जमिनीत रुतणारे अणकुचीदार टोक. सतराव्या शतकात बंदुका हलक्या होत गेल्या तसा हा टेकू गळून पडला. मुघल दरबाराच्या शिकारचित्रांतही तोड्याच्या लांबलचक बंदुका दोन पायांच्या आधारावर टेकलेल्या दिसतात. अफगाणांच्या जेझाईललाही असेच दुबेळके लावत. लांब नळीची बंदूक जिथे जिथे गेली, तिथे तिथे तिला पाय फुटले.

सर्वांत बदनाम पाय मात्र अमेरिकेतले. 1870च्या दशकात कॅन्सस आणि टेक्ससच्या गवताळ मैदानांवर कातड्यांसाठी बायसन मारणारे व्यावसायिक शिकारी उतरले. त्यांच्या शार्प्स रायफली साडेपाच ते सात किलोंच्या. दोन काठ्या वरच्या टोकाजवळ चामड्याच्या वादीने किंवा बोल्टने जोडायच्या, खाली फाकवून जमिनीत रोवायच्या आणि वरच्या बेचक्यात रायफल ठेवून बसून गोळ्या झाडायच्या. वाऱ्याच्या खालच्या बाजूला दडलेला शिकारी आधी कळपाची म्होरकी गाय टिपे. गोंधळलेला कळप तिच्याभोवती घोटाळत राही आणि शिकारी जागेवरून न हलता एकामागून एक जनावर पाडत जाई. दक्षिणेकडचा कळप त्याच दशकाच्या अखेरीस संपला, उत्तरेकडचा 1883च्या सुमारास. विल्यम हॉर्नेडे यांनी 1889 साली स्मिथसोनियनसाठी या संहाराचा जो अहवाल लिहिला, त्यात अशा दडून केलेल्या शिकारीलाच मोठा दोष दिला आहे. दोन काठ्यांचे हे बेचके इतके कार्यक्षम होते की जुन्या बनावटीच्या काळ्या दारूच्या रायफलींच्या स्पर्धांत ते आजही वापरतात. नेम स्थिर करणारे साधन जनावराच्या वेदना कमी करते हे खरे. कळप संपवण्याचे कामही ते तितक्याच निर्विकारपणे करते.

आज दुकानात गेले की टेकूंचे जे प्रकार समोर येतात त्यांची वर्गवारी पायांच्या संख्येवरून करणे सोपे. एका पायाची काठी रायफलीचे वजन उचलते आणि वर-खाली होणारी डुलकी बरीचशी थांबवते. डावी-उजवीकडची मात्र शिकाऱ्यावरच सोडते. माळावर काठीला रेलून मेंढरांवर नजर ठेवणारा धनगर जितका स्थिर, तितकीच ही रायफल. दोन पायांचे बेचके आडवी हालचालही धरते, पण पुढे-मागे कलंडते. तिसरा पाय आला की कलंडणे थांबते. चार पायांच्या काठ्यांत वर दोन बेचकी असतात, एक दस्त्याच्या पुढच्या भागाखाली आणि एक मागच्या भागाखाली, त्यामुळे रायफल पाळण्यात ठेवल्यासारखी बसते. यापुढची पायरी म्हणजे रायफल चिमट्यात पकडणारा ट्रायपॉड. ‘बॉग’ कंपनीचा ‘डेथग्रिप’ हा त्यातला अमेरिकेत प्रसिद्ध. हात सोडले तरी रायफल तिथेच राहते.

मग चिमट्याचाच घ्यावा की! वजन करून पाहिले की उत्साह ओसरतो. ॲल्युमिनियमचा डेथग्रिप चार किलोंहून जड आहे, म्हणजे जवळजवळ दुसरी रायफलच. मचाणावर किंवा कापडी आडोशात दिवसभर एकाच जागी बसणाऱ्याला, वृद्धाला किंवा पहिल्यांदा रायफल हातात घेणाऱ्या मुलाला तो वरदान. पण कोलोरॅडोत तीन हजार मीटर उंचीवर एल्क हरणाच्या मागावर फिरणारा माणूस तो दुसऱ्या दिवशी गाडीतच ठेवून निघतो. आणि गाडीत राहिलेल्या टेकूची स्थिरता शून्य.

म्हणूनच टेकूची निवड दुकानातल्या फरशीवर करू नये. तिथे सगळेच टेकू स्थिर वाटतात. निवड गवताने करायची असते. ज्या मुलखात शिकार आहे तिथे गवत घोट्याइतके आहे, गुडघ्याइतके आहे की छातीइतके, या एका प्रश्नाने अर्धी यादी बाद होते. सावज दिसल्यापासून ते नाहीसे होईपर्यंत किती वेळ मिळतो, या दुसऱ्या प्रश्नाने उरलेल्यातली बरीच. तीन मुलूख पाहिले की हे ध्यानात येते.

पहिला नामिबिया. काटेरी बाभळवर्गी झुडपे आणि त्यांच्यामध्ये कमरेइतके कोरडे गवत. झोपून नेम धरला तर दुर्बिणीत गवताच्या काड्यांपलीकडे काही दिसत नाही. बसूनही फारसा फरक पडत नाही. कुडू किंवा ओरिक्स शंभर-दीडशे मीटरवर झुडपांच्या फटीत उभा राहतो तो काही सेकंद. म्हणून दक्षिण आफ्रिकेपासून झिम्बाब्वेपर्यंत शिकार उभ्यानेच होते आणि तीन काठ्यांशिवाय होत नाही. या काठ्या बहुधा शिकाऱ्याच्या हातात नसतातच. माग काढणारा स्थानिक माणूस त्या घेऊन पुढे चालतो. त्याच्यामागे ‘पीएच’, म्हणजे परवानाधारक व्यावसायिक शिकारी, आणि त्याच्यामागे पैसे मोजून आलेला पाहुणा. जनावर दिसताच माग काढणारा काठ्या फाकवून रोवतो, बाजूला होतो, पाहुणा पुढे येऊन रायफल बेचक्यात ठेवतो. सरावलेल्या जोडीत या सगळ्याला श्वासभराचा वेळ लागतो.

काठ्या कशाच्या? माणसाच्या उंचीच्या तीन सरळ लाकडी दांड्या आणि वरच्या टोकाखाली त्यांना गुंडाळलेली टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी. रबर असल्यामुळे काठ्या कोणत्याही कोनात फाकतात आणि आवाज करत नाहीत. बेचक्यावरही तेच रबर किंवा चामडे, म्हणजे दस्त्यावर ओरखडा नाही आणि लाकडावर लाकूड आपटण्याचा ठकठकाट नाही. उंची बदलायची तर पाय जास्त फाकवायचे किंवा जवळ आणायचे. बटण नाही, स्क्रू नाही, बिघडायला काहीच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते टेकूंच्या संपूर्ण बाजारात या तीन काठ्यांइतकी शहाणी वस्तू दुसरी नाही. विमानातून नेता येत नाही एवढाच तिचा दोष. तो दूर करण्यासाठी जोडकाठ्यांचे कारखानी प्रकार निघाले.

दुसरा मुलूख स्कॉटलंडच्या हायलँड्सचा. तिथे झाडेच नाहीत म्हटले तरी चालेल. उघडे डोंगर, ओली पीट माती आणि हीदरची खुरटी झुडपे. तांबड्या हरणांचा कळप किलोमीटरभरावरून माणसाला पाहतो, म्हणून शेवटचे अंतर वाकून, मग रांगत, मग चक्क पोटावर सरपटत, कधी ओढ्याच्या गार पाण्यातून कापावे लागते. बरोबर असतो स्टॉकर, म्हणजे त्या डोंगराचा जाणता. रायफल तोपर्यंत कापडी खोळीत आणि स्टॉकरच्या ताब्यात. उभे राहून काठ्या फाकवणे इथे हास्यास्पद ठरेल. कळप दुसऱ्या खोऱ्यात जाईल. इथला टेकू म्हणजे पाठीवरची सॅक किंवा दस्त्याला लावलेला बुटका बायपॉड.

बायपॉड म्हटले की अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बार्लो गावच्या हॅरिस कंपनीचे नाव जगभर निघते. स्प्रिंगवर उघडणारे दोन पाय, पट्टा अडकवायच्या खुंटीला बसणारी पकड, वापर नसताना पाय नळीला समांतर दुमडलेले. सर्वांत बुटका प्रकार सहा ते नऊ इंचांचा. बसून वापरायचा उंच प्रकार साडेतेरा ते सत्तावीस इंचांचा. झोपून नेम धरणाऱ्याला बुटका पुरतो, पण उतारावर पुरत नाही: डोंगराच्या वरच्या अंगाला लक्ष्य असेल तर नळी वर उचलावी लागते आणि नऊ इंचही अपुरे पडतात. तिथे सॅक उभी करावी लागते. शिवाय हीदरमधून सरपटताना दुमडलेले पाय झुडपात अडकतात. म्हणून पुष्कळ स्टॉकर चुंबकाने किंवा एका खटक्याने क्षणात बसणारा बायपॉड खिशात ठेवतात आणि शेवटच्या क्षणी लावतात.

ब्रिटनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी डीएससी-1 नावाची एक परीक्षा आहे. तिच्यात झोपून शंभर मीटरवर, बसून किंवा गुडघ्यावर सत्तर मीटरवर आणि उभ्याने चाळीस मीटरवर गोळ्या माराव्या लागतात. अंतरांचा हा उतरता क्रम बघण्यासारखा आहे. शरीर जमिनीपासून जितके वर, तितके सावज जवळ हवे, हे परीक्षकांनी कागदावरच लिहून ठेवले आहे.

तिसरा अमेरिकेतला वायोमिंग. सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांचे अफाट माळ आणि त्यांवर प्रॉन्गहॉर्न, उत्तर अमेरिकेतला जमिनीवरचा सर्वांत वेगवान सस्तन प्राणी. सेजब्रश गुडघ्याएवढा, कुठे कमरेएवढा. झोपावे तर पुढचे झुडूप आड येते, उभे राहावे तर प्रॉन्गहॉर्नची तीक्ष्ण नजर ताबडतोब पकडते. मधला मार्ग उरतो तो बसण्याचा. इथे उंच बायपॉड, बसण्याच्या उंचीच्या जोडकाठ्या किंवा पाय आखूड केलेला ट्रायपॉड उपयोगी. इथले बरेच जण चालायच्या दोन काठ्या, म्हणजे ट्रेकिंग पोल, मुठीच्या पट्ट्यांनी एकमेकींत गुंतवून बेचके करतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना या काठ्यांची ओळख आहेच. वजन एकदाच वाहायचे आणि काम दोन.

भारतातल्या वाचकाला यातले काही करून पाहता येणार नाही, हे इथेच सांगितलेले बरे. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची 1991ची दुरुस्ती यांनी हौसेच्या शिकारीचा दरवाजा बंद केला. इथे टेकू दिसतो तो रेंजवर, रायफलीची दुर्बीण जुळवताना वाळूच्या पिशवीच्या रूपात. पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे फोटो काढणारे मात्र हाच सगळा विचार जड लेन्ससाठी रोज करतात, आणि उलट दिशेनेही देवाणघेवाण झालेली आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर क्षणात बसवणारी ‘आर्का-स्विस’ पद्धतीची खाचपट्टी आता रायफलींच्या दस्त्याखाली सर्रास दिसते. ‘रिअली राइट स्टफ’ ही छायाचित्रकारांसाठी ट्रायपॉड करणारी कंपनी आज नेमबाजांतही तितकीच नावाजलेली आहे.

ट्रायपॉड घेताना लोक नळ्या कशाच्या आहेत हे विचारतात: कार्बन फायबर की ॲल्युमिनियम? कार्बन हलका आणि थंडीत हाताला चटका न देणारा, ॲल्युमिनियम स्वस्त आणि आघात सोसणारे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारला जात नाही, तो म्हणजे पायांची लांबी पक्की करायची कळ कशी आहे. पिळून घट्ट करायची कडी नीट असते, पण वाळू शिरली की करकरते. खटक्याची कळ झटकन लागते, पण ‘टक्क’ असा आवाज करते आणि शांत सकाळी ‘टक्क’ दीडशे मीटर जातो. प्रायमॉस कंपनीच्या ‘ट्रिगर स्टिक’चा बोलबाला झाला तो यामुळेच: मुठीजवळचा चाप दाबला की पाय आपोआप खाली उतरतात, सोडला की पक्के होतात, आणि दुसरा हात रायफलीवर राहतो. कुठलीही कळ असो, खरेदीआधी ती हातमोजे घालून, डोळे मिटून उघडून पाहावी. अंधूक उजेडात, थंडीने बधिर बोटांनी तेच करायचे आहे. वेल्क्रोची पट्टी तर शिकारीच्या सामानावर असूच नये. ती फाडल्याचा आवाज हरणाला कोणत्याही भाषेत समजतो.

आता कोपराकडे वळू. नवखा माणूस पुढच्या आधारावर पैसे ओततो आणि मागचा विसरतो. पुढे कितीही भक्कम ट्रायपॉड असला तरी रायफलीचे मागचे टोक खांद्यात आहे, खांदा श्वासाबरोबर वर-खाली होतो आणि चाप ओढणाऱ्या हाताचे कोपर हवेत लोंबकळते आहे. सुरुवातीचे एक मिलिमीटरचे गणित इथेही लागू: मागचे टोक हलले तरी गोळी तितकीच भरकटते, फक्त उलट दिशेने. झोपलेल्या स्थितीत दोन्ही कोपरे जमिनीवर असतात, त्यातच तिची बरीच ताकद आहे. बसताना कोपर गुडघ्याच्या आतल्या मांसल भागावर टेकवावे. हाडावर हाड ठेवले तर ते घसरते. उभ्याने शूटिंग करताना मागे काहीच नसते, म्हणून आफ्रिकेत कधी कधी माग काढणारा स्वतःचा खांदा पुढे करतो आणि पाहुण्याचे कोपर त्यावर विसावते. चार पायांच्या काठ्या निघाल्या त्या ही उणीव भरून काढायला. त्यांच्यावर शंभर मीटरच्या पुढेही उभ्याने विश्वासाने नेम धरता येतो. पण दोन बेचक्यांत अडकलेली रायफल चालत्या जनावरामागे फिरवणे किंवा अचानक वर उचलणे कष्टाचे, आणि ते बेचके गुंडाळून दुसरीकडे रोवेपर्यंत हरीण निघून गेलेले असते. दाट जंगलात, ठरावीक वाटेवर येणाऱ्या रो हरणाची वाट पाहणाऱ्या युरोपी शिकाऱ्याला त्या जमतात. फिरत्या शिकारीत त्यांचे ओझेच जास्त.

टेकू कोणताही असो, तीन खोड्या तो न सांगता करतो.

पहिली: कडक पृष्ठभाग. रायफल दगडावर, कुंपणाच्या खांबावर किंवा ट्रकच्या बॉनेटवर नुसती टेकवली तर बार उडताच ती त्या कडकपणावरून उसळते आणि गोळी नेहमीपेक्षा वर जाते. नळीच टेकवली तर आणखी वाईट. गोळी नळीतून जाताना नळी कंप पावत असते. तिला बाहेरचा स्पर्श झाला की कंपनाचा नमुना बदलतो आणि गोळीची जागाही. म्हणून आधार नेहमी दस्त्याच्या पुढच्या भागाला द्यायचा आणि मध्ये हात, टोपी, घडी केलेले जाकीट, काहीतरी मऊ घालायचे. (ट्रकचे बॉनेट अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायद्यानेही वर्ज्य आहे, पण ते वेगळे प्रकरण.) झाडाच्या खोडाशी उभे राहिले तर तळहात खोडाला लावायचा आणि अंगठ्याच्या बेचक्यात रायफल ठेवायची.

दुसरी खोडी जास्त धोकादायक. दुर्बीण नळीच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर बसलेली असते. बुटक्या टेकूवर झोपलेल्या माणसाला दुर्बिणीतून समोरचे सगळे मोकळे दिसते, पण नळीच्या तोंडापुढे हातभरावर दगडाची कड किंवा मातीचा उंचवटा असतो. डोळा त्याच्या वरून पाहतो, गोळी त्याच्यात घुसते. कधी दगडाचे तुकडे उडतात, कधी गोळी कुठल्या कुठे जाते. जाणता स्टॉकर पाहुण्याला चाप ओढू देण्याआधी स्वतः वाकून नळीच्या रेषेत बघतो, तो यासाठी.

तिसरी खोडी कलण्याची. बायपॉडचा एक पाय खड्ड्यात आणि दुसरा ढेकळावर पडला की रायफल एका बाजूला झुकते. दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्यात राहत नाही आणि गोळी झुकलेल्या बाजूला सरकत जाते. जवळ हे जाणवत नाही. अंतर वाढले की गोळी बरीच खाली येते आणि हा तिरपेपणाही वाढतो. डोके फिरणारा बायपॉड घेतला तर पाय तसेच ठेवून रायफल सरळ करता येते. झोपून नेम धरताना दोन पायांवर अंगाचे थोडे वजन पुढे टाकायचीही सवय लागते. नाही तर बार उडताच बायपॉड उड्या मारतो.

कायदाही वजनाकडे बघतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीत रायफलीचे वजन दुर्बीण, पट्टा आणि तिला जोडलेले सगळे सामान धरून 16 पौंडांच्या, म्हणजे सव्वासात किलोंच्या वर असता कामा नये. दस्त्याला लावलेला बायपॉड या हिशेबात येतो, हातातल्या काठ्या येत नाहीत. या नियमामागचा रोख टेकूवर नाही. अवजड रायफलींनी अतिदूरवरून जनावरे टिपण्याच्या हौसेवर आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनेही या दूरच्या नेमबाजीबद्दल जाहीर नापसंती दाखवली आहे. टेकू अंतर वाढवायचा परवाना नाही, असे जुने शिकारी सांगतात आणि ते पटते: पाचशे मीटरवर गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात उभे हरीण एक पाऊल टाकते. ट्रायपॉड कितीही स्थिर असला तरी त्याला हरणाचे पाऊल थांबवता येत नाही.

वजनाच्या तराजूत शेवटी अनेकदा सॅकच जिंकते. ती तशीही बरोबर असते. आडवी टाकली की झोपून नेम धरायला, उभी केली की बसून. तिच्यात मऊ कपडे वरच्या बाजूला आणि पाण्याची बाटली तळाला ठेवली तर तिचा उत्तम टेकू होतो. हलक्या दाण्यांनी भरलेली मुठीएवढी पिशवी तिच्याबरोबर ठेवली आणि दस्त्याच्या मागच्या टोकाखाली सरकवली, की मागचा प्रश्नही सुटतो: मूठ आवळली की नळी किंचित खाली, सैल सोडली की वर. दोन्ही मिळून जितके पैसे लागतात, तितक्यात चांगल्या ट्रायपॉडचे डोकेही येत नाही.

काठ्या घ्यायच्या ठरल्याच, तर सराव घरी होतो. रिकामी रायफल, दोनदा तपासलेली, काडतुसे दुसऱ्या खोलीत, आणि भिंतीवर एक ठिपका. काठ्या फाकवणे, रायफल ठेवणे, डाव्या हाताने बेचके आणि दस्ता एकत्र पकडणे, अंग किंचित पुढे झुकवणे, चाप ओढणे, आणि ठिपक्यावरून रेघ कुठे सरकली ते पाहणे. बेचके हनुवटीच्या किंचित खाली येईल इतकी उंची ठेवली तर मान अवघडत नाही. नामिबियाला निघणाऱ्या पाहुण्याला तिथले पीएच महिनाभर आधीपासून हाच सराव करायला सांगतात, कारण घरच्या रेंजवर बाकावर बसून, वाळूच्या पिशवीवरून एकाच भोकात तीन गोळ्या घालणारे बहाद्दर काठ्यांवर आले की थरथरताना त्यांनी पाहिलेले असतात.

म्हणून कॅम्पवर पोचल्यावर पहिल्या दुपारी शिकार नसते. प्रवासात दुर्बीण हलली नाही ना हे बघायला शंभर मीटरवर कागद लावतात. बाकावरून दोन-तीन गोळ्या झाल्या की पीएच सहज म्हणतो, आता जरा काठ्यांवरून मारा. पाहुण्याला ती औपचारिकता वाटते. पीएच कागदावरच्या भोकांमधले अंतर नजरेने मोजतो आणि काही बोलत नाही, पण पुढचे आठ दिवस तो या पाहुण्याला जनावराच्या किती जवळ नेणार हे त्याने तेव्हाच ठरवलेले असते.